चंद्र बघायचा की नाही

१९८५ चा सप्टेंबर. मी नऊ वर्षांचा होतो. मिरजेत आमची गच्ची आणि शेजारच्या चाचांची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती आणि ती एका जागी ढासळली होती. त्या खिंडारातून आम्ही पोरं दिवसभर ये-जा करायचो. त्या संध्याकाळी चाचांच्या आईनं मला धरून टाकीच्या कट्ट्यावर उभं केलं आणि मावळतीकडं बोट केलं. आम्ही सगळे तिला दादीमा म्हणायचो. "पिंपळाच्या शेंड्याच्या जरा वर बघ. दिसला?" आधी काहीच दिसेना. मग दिसला. कापलेल्या नखाएवढा, फिकट, नजर जरा हलली की हरवणारा. मोहरमचा चाँद. दादीमानं दोन्ही तळवे पुढं धरून ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं, ते तळवे स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि मग माझ्या चेहऱ्यावरून.

दोन दिवसांनी गणपती आले. रात्रीची आरती झाली आणि सवयीनं मी गच्चीकडं पळालो, तर आजीनं मला जिन्यातच दंडाला धरलं. "मान खाली घाल. आज चंद्र बघायचा नसतो. चोरीचा आळ येतो." मग तिनं स्यमंतक मण्याची गोष्ट सांगितली. प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही चतुर्थीच्या चंद्रानं सोडलं नाही, न केलेल्या चोरीचा बोभाटा द्वारकाभर झाला.

मी विचारलं, "परवा दादीमानं दाखवला तोच ना हा?"

"तोच."

"मग परवा चांगला होता आणि आज वाईट कसा झाला?"

आजीनं जरा विचार केला. "परवा तो त्यांचा होता, आज आपला आहे. ज्याच्या घरी जसा असेल तसं वागायचं. चल, पानं वाढलीत."

तिला तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं, मला जेवायला बसवायचं होतं. पण त्या वाक्यानं मला पुढं आयुष्यभर पुरेल एवढा विचार दिला.

हे असं दोन दिवसांच्या अंतरानं घडतं त्यामागं सरळ हिशेब आहे. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. आपलं पंचांगही चंद्रावरच चालतं, पण साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी गाठ मारून घेतं. हिजरीत अधिक महिना नाही. म्हणून मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकत उन्हाळ्या-पावसाळ्यातून फिरतो आणि बत्तीस-तेहेतीस वर्षांनी पुन्हा भाद्रपदाला येऊन मिळतो. मिळाला की दोन-तीन वर्षं सोबत राहतो. १९५३ आणि ५४ ला असं झालं, १९८५ ते ८७ ला झालं, २०१८ ते २०२० ला झालं. त्या वर्षांत मोहरमच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला गणपती बसतो आणि मोहरमची दहावी अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी येते. एका घरात मोदकांची उकड, शेजारच्या घरात सरबताची घागर, आणि दोघांच्या डोक्यावर वाढत जाणारा चंद्र एकच.

१९८५ साली मी फकीर होतो. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. मिरज, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं मोहरम हा कधीच फक्त मुसलमानांचा सण नव्हता. गावोगावी पीर बसायचे आणि अजूनही बसतात. पीरांच्या धातूच्या पंजांना फुलं वाहणाऱ्यांत, करबल म्हणजे करबलाच्या लढाईची गाणी म्हणत फेर धरणाऱ्यांत, मोहरमच्या दहावीच्या आदल्या रात्री, म्हणजे खत्तलरात्री, जागणाऱ्यांत मराठे, धनगर, माळी, लिंगायत, सगळे असतात. मी दोन वर्षांचा असताना मला डांग्या खोकला झाला होता. औषध मिशन हॉस्पिटलचं, अंगारा गणपतीचा आणि नवस पीराचा. डॉक्टर विल्यम वॉनलेसनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते हॉस्पिटल, त्याआधीपासून तिथं असलेलं देऊळ आणि त्याहून जुना दर्गा, या तिघांत आजीला काही विसंगती दिसली नाही. पोरगं वाचलं पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. मी वाचलो. मग पाच वर्षं मला फकीर करायचं ठरलं. गळ्यात रंगीत नाडा, खांद्याला झोळी, आणि पाच घरी जाऊन मागायचं. पहिलं घर दादीमाचं असायचं. ती झोळीत मूठभर गहू टाकायची आणि वर एक चोंगा ठेवायची.

चोंगे मी पुढं कुठल्याच मिठाईच्या दुकानात पाहिले नाहीत. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवायची, जाडसर लाटायची, ती चाळणीच्या पाठीवर दाबून अंगावर ठिपके उठवायचे आणि तेलात तांबूस तळायचं. वरून खसखस आणि किसलेलं खोबरं. त्या वर्षी आमच्या गणपतीपुढच्या ताटात एकवीस मोदक आणि एका कडेला दादीमाकडून आलेले दोन चोंगे होते. गळ्यात पीराचा नाडा घालूनच मी आरतीला टाळ वाजवत होतो. भटजींनी नाड्याकडं पाहिलं आणि विचारलं, "यंदा कितवं वर्ष?" आजी म्हणाली, "शेवटचं." पुढच्या वर्षी नाडा नसल्याचं मला वाईट वाटलं होतं.

आता या सगळ्याला सहिष्णुता म्हणतात. मला या शब्दाबद्दल जरा अडचण आहे. सहन करणं त्याच्या पोटातच आहे. शेजाऱ्याचा त्रास आहे आणि मी मोठ्या मनानं तो सोसतो आहे, असा त्याचा सूर निघतो. आमच्या गल्लीत हा शब्द कुणी वापरला नाही. तिथला शब्द होता 'मान'. अमक्या घराचा अमका मान. पीराची सवारी उठताना ऊद कुणी जाळायचा, पालखीपुढं मशाल कुणी धरायची, पहिला नारळ कुणाचा. मान म्हणजे दुसऱ्याच्या सणातला आपला वाटा. ज्याचा वाटा आहे तो त्या सणावर दगड टाकत नाही, कारण दगड त्याच्याच ताटात पडतो.

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाचा पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गलेफ वाजतगाजत येतो, त्यानंतर बाकीच्यांचे. मी लहानपणी ते नुसतं बघितलं. वय वाढल्यावर त्याचा अर्थ अंगावर आला. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे अस्पृश्यांसाठी उघडावेत म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. आणि ज्यांना विठोबाच्या दारात उभं करत नव्हते, त्यांच्या हातचा गलेफ इथं पहिला. मुसलमान समाजात उच्चनीच नाही असं मी म्हणत नाही, तेही मी जवळून पाहिलं आहे. पण असहिष्णुतेबद्दल बोलताना आपण नेहमी पलीकडच्या धर्माकडं बोट करतो. आपल्याच देवाच्या उंबऱ्यावर आपल्याच माणसाला अडवलं, तीही असहिष्णुताच होती, आणि ती शेकडो वर्षं टिकली. घरातली ही सवय मोडल्याशिवाय शेजाऱ्याशी चांगलं वागण्याच्या गोष्टी पोकळ राहतात असं मला मनापासून वाटतं.

त्याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ झोपलेले आहेत. १९३७ साली प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेला आणलं. किराणा घराण्याच्या या उस्तादानं कुंदगोळच्या ब्राह्मण मुलाला गाणं दिलं, तो सवाई गंधर्व झाला, आणि त्यांच्याकडून ते भीमसेन जोशींकडं गेलं. आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. माझ्या वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून रात्री दोन वाजता तिथं मी कितीतरी गवई ऐकलेत. समोर मुजावर बसलेले, शेजारी सोवळ्यातून थेट आलेले एक शास्त्रीबुवा, आणि सगळ्यांची मान एकाच समेवर हलणारी.

हा सगळा वारसा आपोआप टिकला असं मात्र नाही, आणि तो सगळीकडं टिकलाही नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे मोहरमचे ताबूत, म्हणजे इमामांच्या कबरींच्या सजवलेल्या प्रतिकृती, हिंदूंच्या सहभागाशिवाय निघत नसत. हिंदू स्वतःचे ताबूत करत, त्यांपुढं सोंगं घेऊन नाचत. १८९३ च्या जुलैमध्ये काठेवाडात प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी दंगल झाली, ऑगस्टमध्ये तिची आग मुंबईत पोचली आणि कित्येक माणसं मेली. त्यानंतर हिंदूंनी ताबुतांकडं पाठ फिरवावी असं पुण्यात सांगण्यात आलं, आणि १८९४ पासून सार्वजनिक गणपतीचे मेळे मोठ्या जोमानं उभे राहिले. मी गणेशोत्सवात वाढलेला माणूस आहे, त्यानं समाजाला काय दिलं ते मला ठाऊक आहे. ज्या टिळकांनी त्या उत्सवाला बळ दिलं त्याच टिळकांनी १९१६ मध्ये लखनौला मुस्लिम लीगशी करार घडवून आणला, हेही विसरता येत नाही. तरीपण एका वर्षी एका शहरातल्या हजारो लोकांनी दुसऱ्याच्या सणातला आपला वाटा सोडला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वाटा सोडला की मिरवणूक 'त्यांची' होते. मग ती आपल्या दारावरून का जाते, वाद्यं कुठं थांबतात, कुठं थांबत नाहीत, याची मोजदाद सुरू होते. मशिदीवरून वाजतगाजत जाण्याचा तंटा त्याच दशकात पेटला आणि सव्वाशे वर्षं झाली तरी विझलेला नाही.

आमच्याकडं संस्थानी मुलखात पटवर्धनांचं राज्य होतं. राजाचं दैवत गणपती आणि राज्यात पीरांना मानपान. त्यामुळं ते लोण आमच्यापर्यंत उशिरा आलं. पण आलं.

सप्टेंबर २००९. मी तेहेतीस वर्षांचा होतो. त्या वर्षी भाद्रपदाशी रमजान जुळला होता. चाचांकडं रोजे चालू, आमच्याकडं गणपती. मिरजेतल्या गणपतीच्या स्वागतकमानी पाहायला लांबून लोक येतात. एका कमानीवरच्या अफजलखानवधाच्या चित्रावरून वाद झाला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली, आणि ते लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरकडं गेलं. मांडवात मूर्ती तशाच राहिल्या, विसर्जनं अडली. कोणी काय केलं याच्या तपशिलात मी जाणार नाही. मी काय केलं ते सांगणार आहे.

चाचांचा धंदा तंतुवाद्यांचा. मिरजेतले हे कारागीर मुळात शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा जमाना सरला, पटवर्धनांच्या दरबारी गवई होते, वाद्यं दुरुस्तीला यायला लागली आणि तलवार घासणारे हात सतार घडवायला लागले. तानपुऱ्याचा भोपळा साधा नसतो. कडू जातीचा, घागरीएवढा वाढणारा हा भोपळा पंढरपूरकडं भीमेकाठच्या शेतांत होतो. महिनोन्महिने वाळवतात. वाळला की आत बिया खुळखुळतात आणि एवढा मोठा भोपळा एका हातात उचलता येतो. लहानपणी चाचांच्या माळ्यावर टांगलेल्या त्या भोपळ्यांच्या सावल्यांना मी भ्यायचो.

गडबड सुरू झाली त्या दिवशी अंधार पडताना मी गॅलरीतून पाहिलं. चाचांच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता आणि दोघं-तिघं घाईघाईनं पोती उतरवून आत नेत होते. मी दुसऱ्या पेठेत राहणाऱ्या माझ्या मामेभावाला फोन केला. बोलताबोलता सांगितलं, "आमच्या मागच्या गल्लीत पोती उतरवतायत, काय आहे कोण जाणे." एवढंच. मी दगड म्हटलं नाही. पण 'काय आहे कोण जाणे' हे मी का म्हटलं? मला माहीत होतं. त्या घरात पोत्यांतून काय येतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तासाभरानं माझ्याच मोबाइलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. आमच्या भागाचं नाव, आणि 'दगडांची पोती उतरवली आहेत, सावध राहा.' माझंच वाक्य कपडे बदलून माझ्या दारात परत आलं होतं.

त्या रात्री आणि पुढच्या रात्री गल्लीच्या कोपऱ्यावर पोरं काठ्या घेऊन बसली. चाचांच्या घरातलं कुणी झोपलं नाही. गच्चीवर त्यांची सावली इकडून तिकडं फिरताना मला दिसत होती. पोलिसांची गाडी फिरत होती म्हणून पुढं काही घडलं नाही. मी मात्र त्या कोपऱ्यावर जाऊन "अरे, ते भोपळे आहेत" असं सांगितलं नाही. दोन मिनिटांचं अंतर होतं. पहिल्या रात्री भीती वाटली. दुसऱ्या रात्री लाज वाटली. लाज वाटल्यावर जाणं आणखी अवघड झालं.

चतुर्थीचा चंद्र पाहिला की आपल्यावर खोटा आळ येतो, असं आजी सांगायची. आळ घेणाऱ्याचं काय होतं हे तिच्या गोष्टीत नव्हतं.

त्या महिन्यात २१ तारखेला ईद झाली. माझ्या जन्मापासून पहिल्यांदा ईदला चाचांकडून शीरखुर्म्याचा डबा आला नाही. आईनं दुपारपर्यंत दोनदा दार उघडून पाहिलं. दिवाळीला मात्र तिनं काही न बोलता फराळाचं ताट भरलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि एकटीच गेली. चाचीनं ताट घेतलं, बसा म्हणाली नाही. रिकामं ताट परत द्यायचं नाही हा दोन्ही घरांचा रिवाज होता. चार दिवसांनी ताट परत आलं, त्यात वाटीभर साखर होती. आई म्हणाली, "सुरुवात झाली." साखरेच्या वाटीवर पुढची जवळजवळ दोन वर्षं गेली. पुन्हा शीरखुर्मा यायला २०११ उजाडलं.

दंगल चार दिवसांची असते. त्यानंतरची दुरुस्ती बायकांच्या हातून, ताटवाट्यांमधून, वर्षानुवर्षं चालते आणि तिची बातमी होत नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली. ती दंगलीपेक्षा हळू होती, म्हणून लक्षात आली नाही. चाचांचा धाकटा मुलगा धार्मिक झाला. त्यात गैर काहीच नव्हतं. पण पंजे बसवणं, चोंगे करणं, पीराला नवस बोलणं हे धर्मात बसत नाही, असं तो घरात म्हणायला लागला. दादीमा तेव्हा नव्हती, नाहीतर तिनं काय केलं असतं मला कल्पना आहे. इकडं आमचा मामेभाऊ म्हणायला लागला, आपले तेहेतीस कोटी देव कमी पडले म्हणून पीरापुढं नारळ फोडायचे का? दोघंही चांगले मुलगे. दोघं एकमेकांना क्वचितच भेटलेले. पण दोघांना हवं ते एकच होतं, आपलं सगळं चोख आणि निर्भेळ. तिकडं भेसळ काढली, इकडं भेसळ काढली, आणि भेसळ म्हणून जे टाकून दिलं ते आमचं लहानपण होतं.

श्रद्धा असणाऱ्या माणसाला मी हे म्हणून दुखावू इच्छित नाही. मी स्वतः श्रद्धाळू आहे, रोज अथर्वशीर्ष म्हणतो. ज्याला पीर मानायचा नाही त्यानं मानू नये, तोही त्याचा हक्क आहे. पण आपली श्रद्धा निर्मळ करताना शेजाऱ्याचा वाटा कापला जातो आहे का, एवढं तरी पाहायला हवं. एकनाथांनी सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्काचा संवाद लिहिला, त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची काय कमी उणीदुणी काढतात? आज तसं लिहायची कुणाची छाती होणार नाही. कडकडून भांडतात, सगळं बोलून होतं, आणि शेवटी समजूत पटते. भांडणाला नाथ भ्यायले नव्हते. दोघं समोरासमोर होते, एकमेकांचं ऐकत होते, म्हणून ते भांडण शेवटाला जाऊ शकलं. मामेभाऊ आणि चाचांचा मुलगा आपापल्या मोबाइलमध्ये भांडतात. तिथं समजूत पटायला समोर माणूसच नाही.

२०१८ ला मोहरम आणि गणपती पुन्हा एकत्र आले. तेहेतीस वर्षांपूर्वीच्या त्या गच्चीची आठवण इतकी दाटून आली की मी चाचांच्या दुकानात गेलो. ते तानपुऱ्याची जवारी काढत होते. घोडीच्या माथ्यावर कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. केसभर जास्त घासलं गेलं तर तार मुकी होते. मी तासभर बसलो आणि मग २००९ ची ती सगळी गोष्ट सांगितली. फोन, पोती, मेसेज, कोपऱ्यावरची पोरं.

चाचांचा हात थांबला नाही. "ठाऊक होतं मला," म्हणाले. "तुझ्या मामेभावानंच कुणाला तरी सांगितलं होतं, फिरत फिरत आलं."

"नऊ वर्षं काही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू आला नसतास. आणि राग होता. अजून आहे थोडा." त्यांनी तार छेडली. "हे टोक धर जरा. घट्ट धर."

मी तार धरून बसलो. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला आजही नीट सांगता येणार नाही. माफी मागून हिशेब मिटतो असं मला वाटत होतं. तो मिटला नाही, पण चालू खात्यावर आला.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा आणि पंचगंगेनं आमचा सगळा मुलूख पाण्याखाली घातला. सांगली बुडाली, कुरुंदवाड बुडालं, मिरजेचा कृष्णाघाट बुडाला. १२ तारखेला बकरी ईद होती. चाचांनी बोकडासाठी ठेवलेले पैसे पूरग्रस्तांच्या छावणीत दिले. तीन आठवडे उलटले, भिंतींवरची चिखलाची रेघ तशीच होती, आणि गणपती-मोहरम सोबत आले. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसवण्याची जुनी रीत आहे, आणि मोहरम जुळला की एकाच छताखाली पीर आणि गणपती असतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत चार दशकांहून जास्त काळ मशिदीत गणपती बसतो. पावसात मूर्ती भिजायला लागली म्हणून मशिदीत आणून ठेवली, तिथून सुरू झालं असं गावात सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात कुणी एकात्मतेचा संकल्प सोडलेला नाही. पाऊस आला, मूर्ती मातीची होती, आणि जवळचं छप्पर मशिदीचं होतं.

नंतरच्या वर्षांत हिजरीचं गणित आपल्या पंचांगात एक महिना मागं सरकलं आणि बकरी ईद आषाढी एकादशीला येऊन भिडली. २०२२ ला १० जुलैला दोन्ही एकाच दिवशी, २०२३ ला २९ जूनला पुन्हा तसंच. त्या दिवशी महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी मुसलमानांनी कुर्बानी पुढं ढकलली. धर्माप्रमाणं कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे, त्या मुभेचा त्यांनी शेजाऱ्यासाठी उपयोग केला. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. रात्री अंथरुणात पडल्यावर मात्र मला विचारावंसं वाटलं, आपण काय पुढं ढकललं? आपल्या शास्त्रातही मुभा भरपूर आहेत. मशिदीसमोर नमाजाच्या वेळी स्पीकरच्या भिंती दहा मिनिटं बंद ठेवायला कुठलं शास्त्र आडवं येतं? दर वर्षी शांतता समितीच्या बैठकीत हे ठरतं आणि दर वर्षी कुठल्या तरी चौकात ते मोडतं. मान राखणं हे एकाच बाजूनं करत राहायचं काम झालं की ते मान राखणं उरत नाही, ते दबून राहणं होतं. चाचा हे तोंडानं म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणतो आहे.

आता मोहरम आणि भाद्रपद एकत्र यायला २०५० उजाडेल. मी असेन-नसेन. या फेरीतलं शेवटचं वर्ष होतं २०२०. टाळेबंदीमुळं ताबूत नाहीत, मिरवणुका नाहीत, गणपती दीड दिवसाचा केला होता. गच्च्या तेवढ्या मोकळ्या होत्या. ती ढासळलेली भिंत मधल्या काळात दोन्ही घरांनी बांधून काढली होती, पण अजूनही कमरेएवढीच आहे. चाँदरातीला माझी मुलगी गच्चीवर होती, पलीकडं चाची. ढग होते. दोघींनी खूप शोधला, दिसला नाही, शेवटी चाचीला कुणाचा तरी फोन आला की दुसऱ्या गावी दिसला.

दोन दिवसांनी चतुर्थी. आरतीनंतर लेक पळत गच्चीवर गेली आणि तिच्या मागं मी. तिला थांबवायचं मला सुचलंही नव्हतं. पाऊस उघडला होता. वाळत घातलेले कपडे काढायला चाची पलीकडं आलेली.

लेक ओरडली, "चाची, तो बघा, दिसला! परवाचा!"

"अगं पोरी, खाली बघ!" चाचीच्या हातातले कपडे पडले. भिंतीवरून वाकून तिनं लेकीच्या डोळ्यांवर हात धरला. "आज चौथ आहे ना तुमची? आज नाही बघायचा."

आणि स्वतःही पदर पुढं ओढून तिनं मान खाली घातली.